मागच्या चाकाचे स्पोक पुन्हा पुन्हा तुटतात? लडाखमधल्या चांगथांग पठाराच्या सरोवरांकडे सायकल नेणाऱ्यांसाठी

लक्षणं

चढावर जोर लावताना मागून 'टण्' असा एकच स्वच्छ आवाज येतो. खडा उडून रिंगला लागला असेल असं वाटून तुम्ही पुढे जाता. शंभरेक मीटरवर ब्रेकचा रबर एका लयीत घासायला लागतो, चाकाच्या दर फेऱ्याला एकदा. उतरून चाक उचलून फिरवलं की रिंग एका जागी डावीकडे झुकलेली दिसते आणि उजवीकडचा एक स्पोक लोंबत असतो.

डिस्क ब्रेकच्या सायकलला ही घासण्याची सूचना मिळत नाही. टायर मडगार्डला लागेपर्यंत काही कळतच नाही आणि तोवर दोन-तीन स्पोक गेलेले असतात. डिस्कवाल्यांनी म्हणूनच दर मुक्कामाला चाक एकदा रिकामं फिरवून बघायचं.

आणखी काही खुणा आहेत. तुटायच्या आधी एक-दोन दिवस चाकातून बारीक टिकटिक ऐकू येते, विशेषतः उभं राहून पेडल मारताना. उतारावर सायकलचं बूड हलल्यासारखं वाटतं. तुटलेला स्पोक बहुतेक वेळा कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या, बाजूचा असतो आणि हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, जिथे तार वाकते तिथेच तुटलेला असतो. मुख्य खूण ही, की नवा स्पोक टाकून आऊट काढला, म्हणजे रिंग पुन्हा सरळ केली, तरी चाळीस-साठ किलोमीटरमध्ये दुसरा जातो. एखादा स्पोक कधीतरी तुटणं हे चालायचंच. पाठोपाठ तुटत असतील तर पुढचं वाचा.

एक गल्लत आधी दूर करू. डुलणारं प्रत्येक चाक स्पोकमुळे डुलत नाही. रिंग हातात धरून आडवी हलवा. हबमधून 'खट्' असा खेळ जाणवला तर हबमधल्या बेअरिंगचे कोन ढिले आहेत, ते काम वेगळं. रिंग सरळ फिरते पण टायर नागमोडी दिसतो, असं असेल तर टायर नीट बसलेला नाही किंवा आतून फाटलाय.

इथेच का तुटतात

माझ्या पहिल्या फेरीत त्सो मोरीरी सरोवराकाठच्या कोरझोकहून सुमदोला परत येऊन मी पुग्याकडे वळलो. पोलोकोंगका ला ('ला' म्हणजे खिंड) चढताना पहिला स्पोक गेला. बदलला. दुसरा त्सो कार सरोवराच्या काठावर गेला. तोही बदलला आणि स्वतःवर खूश झालो. तिसरा टांगलांग लाच्या चढावर गेला तेव्हा माझ्याकडचे उजव्या बाजूचे स्पोक संपले होते. उरलेली वाट मागचा ब्रेक उघडा ठेवून काढली. लेहच्या मिस्त्रीने तुटलेल्या स्पोककडे पाहिलंसुद्धा नाही. शाबूत स्पोक बोटांनी दाबून बघितले आणि सगळं चाक ढिलं करून पुन्हा कसलं. त्यानंतर त्याच चाकाने खार्दुंग लाही केला आणि एकही स्पोक तुटला नाही.

त्या दिवसापासून स्वतःची आणि सोबत्यांची अशी चाकं इतक्या वेळा दुरुस्त केली आहेत की आता एक गोष्ट ठामपणे सांगतो: स्पोक क्वचितच घट्टपणामुळे तुटतो, तो ढिलेपणामुळे तुटतो. चाकाचा जो भाग जमिनीला टेकतो तिथल्या स्पोकचा ताण दर फेऱ्याला क्षणभर उतरतो आणि पुन्हा चढतो. मुळात ताण भरपूर असेल तर या चढउताराने काही बिघडत नाही. ताण कमी असेल तर स्पोक त्या क्षणी पुरता सैल पडतो, हबच्या भोकात त्याची मान हलते आणि पुढच्या क्षणी हिसका बसतो. तार तोडायला पकड नसली की आपण ती वाकवून वाकवून तोडतो. चाकात नेमकं तेच होत असतं. साधारण ४० मिमीचा टायर असलेलं मोठं चाक एका किलोमीटरमध्ये साडेचारशे फेरे मारतं. लेहहून कोरझोक सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एक लाख फेरे. एवढ्यांदा वाकवल्यावर तार तुटणारच.

त्यात इथला रस्ता. डांबर दरवर्षी थोडं थोडं पुढे सरकतंय, पण सरोवरांच्या जवळचे कच्चे पट्टे गाड्यांनी पन्हाळी पत्र्यासारखे करून टाकलेत. खड्डा चुकवता येतो, पत्रा चुकवता येत नाही. शिवाय पाण्याचा भार असतो. सगळीकडे पाणी दिसतं, पण पँगाँग मचूळ-खारट, त्सो कार तर मिठाचंच. त्याचं नावच 'पांढरं सरोवर' आणि इथले भटके पशुपालक चांगपा लोक पूर्वी त्याच्या काठचं मीठ गोळा करून विकायचे. त्याला लागून असलेलं स्टार्टसापुक त्सो गोड्या पाण्याचं आहे, पण तिथवर दलदलीतून जावं लागतं. मग आपण पाच-सहा लिटर पाणी वाहतो आणि ते हमखास मागच्या कॅरिअरवर बांधतो. एक लिटर म्हणजे एक किलो.

तपासणी १: नुसती बोटं

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. समांतर जाणारे दोन-दोन स्पोक मुठीत धरून दाबत चाकाभोवती फिरा. उजवी बाजू वेगळी, डावी वेगळी. मग नखाने प्रत्येक स्पोक छेडा आणि सूर ऐका.

दोन्ही बाजूंचा सूर सारखा येणार नाही, यायलाही नको. कॅसेटला जागा देण्यासाठी मागच्या चाकाचे उजवे स्पोक जास्त उभे बसतात. त्यामुळे रिंग मध्यावर राहायची तर त्यांना डाव्यांच्या जवळपास दुप्पट ताण लागतो. उजवीकडचा सूर उंच आणि डावीकडचा खर्जातला, हे बरोबर. पण एकाच बाजूचे स्पोक आपसात जुळायला हवेत. त्यांच्यात एखादा 'भद्द' वाजला तर तो पुढचा बळी, त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा.

ही तपासणी पहिली, कारण दोष एका स्पोकचा की सगळ्या चाकाचा हे इथेच कळतं. सगळेच बोटांनी सहज आत दबत असतील तर नवा स्पोक टाकून काहीही साधणार नाही.

तपासणी २: तुकडा काय सांगतो

तुटलेला तुकडा फेकू नका. मानेपाशी तुटला असेल तर वर सांगितलेला ढिलेपणाचा थकवा. निपलपाशी, म्हणजे रिंगमध्ये स्पोक ताणून धरणाऱ्या छोट्या नटापाशी, आट्यांवर तुटला असेल तर निपल तिरकं बसलंय किंवा स्पोक लांबीला चुकलाय. मधेच तुटला असेल तर काहीतरी आत गेलं होतं, दगड, पॅनिअरचा (कॅरिअरला लटकवायच्या पिशवीचा) पट्टा किंवा हूक.

चौथी शक्यता लोक विसरतात. कॅसेटच्या सगळ्यात मोठ्या चकतीमागे वाकून बघा. उजव्या स्पोकवर एकाच उंचीला चरे, ओरखडे दिसतायत का? तसं असेल तर कधीतरी चेन मोठ्या चकतीवरून आत पडली आणि तिने स्पोक कातरलेत. हे अर्धवट कापले गेलेले स्पोक पुढचे कित्येक दिवस एकेक करून तुटत राहतात आणि ताण कितीही नीट केला तरी थांबत नाहीत. विमानाने किंवा बसच्या टपावर आलेल्या सायकलींत हे फार दिसतं. प्रवासात मागचा गिअर आपटतो, त्याचा हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला लटकवणारा तुकडा, आत वाकतो आणि पहिल्याच कडक चढावर सर्वात हलका गिअर टाकला की चेन आत. आतल्या मर्यादेचा स्क्रू थोडा आवळून चेन आत पडणं तेवढं थांबवता येतं. वाकलेला हँगर मात्र रस्त्यात हाताने सरळ करायच्या फंदात पडू नका. तो तुटला की सायकलला गिअरच उरत नाहीत.

तपासणी ३: ओझं आणि हवा

पाणी पुढे आणा. फ्रेमच्या मधल्या बाटल्या, पुढच्या चिमट्यावरचे (फोर्कवरचे) बाटलीचे पिंजरे, पुढच्या पॅनिअर, जिथे जागा असेल तिथे. मागच्या चाकावर आधीच तुमचं निम्म्याहून जास्त वजन असतं. माझा नियम असा, की मागचं सामान बारा किलोच्या वर गेलं तर काहीतरी पुढे जातं किंवा लेहच्या गेस्ट हाऊसमध्ये राहतं. हा नियम मी स्वतः दरवेळी पाळतोच असं नाही, पण मोडला की चाक हिशोब मागतं.

आता हवा. 'उंचावर टायर फुटतो' या भीतीने लोक हवा सोडतात, तर काहीजण पंक्चरच्या भीतीने दगडासारखा टायर करतात. पहिली भीती निराधार आहे. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये भरलेला टायर साडेचार हजारांवरच्या त्सो मोरीरीला नेला तर बाहेरचा दाब घटल्यामुळे गेजवर जेमतेम सव्वा पीएसआय वाढतो. थंडगार पहाटे उलट तो तीन-चार पीएसआयने उतरलेला सापडेल. दगडासारखा टायर मात्र पन्हाळी रस्त्याचा प्रत्येक दणका थेट स्पोकपर्यंत पोचवतो. टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा गाठायची गरज नाही. कच्चा रस्ता लागला की मी थोडी हवा सोडतो, इतकीच, की खड्ड्यात रिंग टेकू नये.

तपासणी ४: निपलचा पाना

इथून पुढे हातात अवजार. पाना निपलच्या मापाचाच हवा. ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिमी ही मापं दिसायला सारखी, पण एक माप सैल पाना निपलचे कोपरे गोल करून टाकतो. घरून निघतानाच बसवून बघा.

सगळ्यात जास्त होणारी चूक दिशेची. टायरच्या बाजूने पाहिलं तर निपल घड्याळाच्या दिशेने घट्ट होतं. आपण मात्र हबच्या बाजूने पाहत असतो, आणि तिथून दिशा उलटी दिसते. एका सोबत्याने अशाच उलट दिशेने अर्धा तास आऊट 'काढला' होता. चाकाचा पापड झाला.

सायकल उलटी ठेवा. निपलच्या मुळाशी चेनच्या तेलाचा थेंब सोडून दहा मिनिटं थांबा, कारण इथली बारीक धूळ आटे धरून ठेवते. मग चिकटपट्टी लावलेल्या स्पोकपासून सुरुवात करून पाव-पाव फेरा. ढिला स्पोक त्याच्या बाजूच्या इतरांच्या सुरात आणायचा आणि रिंग कुठे सरकते ते बघत राहायचं. ती उजवीकडे ओढली गेली तर समोरचा डावा थोडा आवळा. प्रत्येक वेळी हवं त्यापेक्षा किंचित पुढे फिरवून तेवढंच जास्तीचं मागे घ्या, नाहीतर स्पोक स्वतःभोवती पिळला जातो आणि चालवायला लागलं की उलगडतो.

शेवटी पुन्हा जोड्या मुठीत घेऊन, या वेळी जोर लावून, आवळा. याने माना हबच्या भोकात नीट बसतात आणि वाकलेल्या जागेत अडकलेला ताण मोकळा होतो. चाक त्यानंतर थोडं बिघडलेलं दिसेल, पुन्हा सरळ करा. ही पायरी सगळे गाळतात. मशीनवर विणलेल्या स्वस्त चाकांत ती कधी झालेलीच नसते, असा माझा संशय आहे.

हे काम सकाळी करायचं. दुपारनंतर पठारावर जो वारा सुटतो त्यात ना सूर ऐकू येतो ना बोटं चालतात. आणि साडेचार हजार मीटरवर मेंदू आपण समजतो तितका शाबूत नसतो. मी मोजायला लागलो की सातनंतर नऊ म्हणतो.

तपासणी ५: स्पोक बदलणं

डावा स्पोक असेल तर सोपं. डिस्क असेल तर आधी ती काढावी लागते, पण जमतं. उजवा असेल तर कॅसेट उतरवावी लागते आणि त्यासाठी लॉकरिंगचं, म्हणजे कॅसेट धरून ठेवणाऱ्या कड्याचं, साधन लागतं. फ्रेमच्या आधाराने, पेडलच्या जोरावर लॉकरिंग सोडवणारं छोटं साधन मिळतं, ते घ्या. खिशात मावतं. आट्यांवर बसणारं जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील असेल तर ते सोडवायला मोठा पाना आणि दणकट वाइस लागतो. रस्त्यात तो विषय सोडा.

कॅसेट निघत नसेल तर दोरीचा तात्पुरता स्पोक. मजबूत फायबरच्या दोरीचा हा स्पोक हबच्या भोकातून ओवून निपलकडे ताणता येतो आणि कॅसेट जागेवरच राहते. हा पक्का इलाज नाही, पण एकाने याच दोरीवर त्सो कारपासून लेह गाठलेलं मी पाहिलंय.

सोबत न्यायचे स्पोक घरीच मोजून घ्या. मागच्या चाकाची उजवी आणि डावी लांबी वेगळी असते, बहुतेक दोन-एक मिलिमीटरचा फरक, आणि पुढचं चाक आणखी वेगळं. मी उजवे चार, डावे दोन, पुढचे दोन असे सीटच्या नळीत सरकवून ठेवतो. वाटेत मोटारसायकल दुरुस्त करणारे भेटतात, पण त्यांचे स्पोक जाड असतात, ते आपल्या हबच्या भोकात शिरतच नाहीत.

काहीच जवळ नसेल तर तुटलेला स्पोक शेजाऱ्याला गुंडाळा म्हणजे तो फ्रेममध्ये अडकणार नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचे, समोरच्या बाजूला जोडलेले स्पोक अर्धा फेरा सैल करून रिंग निदान फिरती करा. ३६ स्पोकचं चाक एक गेला तरी सांभाळून घेतं, ३२चंही बहुधा. चोवीस-अठ्ठावीस स्पोकची देखणी चाकं या रस्त्यावर आणूच नयेत, हे माझं मत. कुणाला राग आला तर येवो.

तपासणी ६: सगळं चाक ढिलं करून पुन्हा कसणं

सगळेच स्पोक सैल असतील किंवा दोन-तीनदा बदलूनही तुटत असतील तर हाच खरा इलाज. मुक्कामाला एक पूर्ण दिवस असेल, हे काम आधी दोन-तीनदा केलेलं असेल आणि डोकं दुखत नसेल तरच हात घाला. सगळी निपलं सारख्या अंतरावर सैल करायची, मग सगळ्यांना एक-एक फेरा, मग अर्धा, मग पाव, आणि मधे मधे मुठीत आवळणं. घाईने केलं तर सुरुवात केली होती त्याहून वाईट चाक हातात राहतं.

इथे थांबा

निपलभोवती रिंगला केसासारखी चीर दिसली तर ताण वाढवू नका. धूळ पुसून, टॉर्च तिरकी धरून बघा, चीर बहुधा उजव्या बाजूच्या भोकांपाशी असते. त्या रिंगवर घट्ट केलेला प्रत्येक फेरा ती चीर वाढवतो. हबचा कान, म्हणजे स्पोक अडकतात ती कड, तडकली असेल तरीही तेच. दोन शेजारचे किंवा एकूण तीन स्पोक गेले असतील तर सामान लादून चालवायचं नाही, उतारावर तर मुळीच नाही. टांगलांग ला ५,३२८ मीटरवर आहे, तिथून रुमत्सेकडे उतरताना मागचं चाक बसलं तर पुढचा ब्रेक तुम्हाला वाचवणार नाही. आणि डोकेदुखीबरोबर उलटी किंवा तोल जाणं सुरू झालं असेल तर चाकाचा विचारच सोडा, आधी माणूस खाली न्या.

सायकलचं नीट काम होतं ते लेहला. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं आणि तेही अनेक पट्ट्यांत नाही. फोनवर विसंबू नका, रस्त्याच्या कडेला उभं राहा. सरोवरावर पर्यटकांना सोडून रिकामी परतणारी गाडी किंवा मालाचा ट्रक भेटतो, फक्त सकाळी लवकर उभं राहायला हवं. टपावर सायकल बांधताना गिअरची बाजू वर ठेवा, नाहीतर हँगर वाकेल आणि तपासणी दोनपासून पुन्हा सुरुवात.

मिस्त्रीला 'स्पोक टाकून द्या' असं सांगू नका, तो तेवढंच करून देईल. सगळ्या चाकाचा ताण बघायला सांगा, किती किलोमीटरमध्ये कोणत्या बाजूचे किती गेले ते सांगा आणि तुटलेले तुकडे त्याच्या हातात द्या. दोन तुकडे जोडून मानेच्या आतल्या कडेपासून टोकापर्यंत मोजले की नव्याची लांबी मिळते.